काळपट चित्र पाहायचं कसं: व्हॅन गॉगचे बटाटे आणि उघडं बायबल

व्हिन्सेंट व्हॅन गॉग म्हटलं की सूर्यफुलं आणि चांदण्यांची रात्र डोळ्यांसमोर येते. त्याच माणसाने १८८५ च्या शरदात बटाट्यांच्या टोपल्या, पक्ष्यांची घरटी, तांब्याची किटली आणि एक जाडजूड उघडं बायबल रंगवलं. ही सगळी स्थिरचित्रं इतकी काळपट आहेत की मोबाइलवर पाहणारा दोन सेकंदांत अंगठा पुढे सरकवतो. दोष बहुतेक वेळा चित्राचा नसतो. उजळ चित्र खराब पडद्यावरही तग धरतं, काळपट चित्र तिथे मरतं. म्हणून इथे चित्राआधी खोली, पडदा आणि डोळे यांची तयारी सांगितली आहे, मग चित्राची.

निवडलेली चित्रं दोन. पहिलं म्हणजे सप्टेंबर १८८५ च्या बटाट्यांच्या टोपल्यांपैकी एक. अशा टोपल्या त्याने एकाहून जास्त वेळा रंगवल्या, त्यातली एक साधारण ४५ × ६० सेंटिमीटरची आहे. दुसरं ऑक्टोबर १८८५ चं ‘बायबलसह स्थिरचित्र’, ६५.७ × ७८.५ सेंटिमीटर. दोन्ही अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहेत, पण रंगवली नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या न्यूनेन या खेड्यात. तिथे तो डिसेंबर १८८३ पासून नोव्हेंबर १८८५ पर्यंत होता. पॅरिस आणि तिथली उजळ रंगांत रंगवणारी इम्प्रेशनिस्ट मंडळी त्याने १८८६ मध्ये पाहिली, आणि त्याचे रंग उजळले ते त्यानंतर. न्यूनेनमधला काळोख हा निराशेचा पुरावा आहे असं समजून पाहायला बसू नका. मिले, इस्रायल्स यांच्यासारखे शेतकरी-कोळी रंगवणारे चित्रकार त्याला मोठे वाटत होते आणि मातीत राबणाऱ्यांचं चित्र मातीच्याच रंगात असावं हे त्याचं ठाम मत होतं. ‘बटाटे खाणारे’ या चित्रातल्या चेहऱ्यांचा रंग त्याने धूळमाखल्या, न सोललेल्या बटाट्यासारखा ठेवला, हे त्याने पत्रात स्वतःच लिहून ठेवलंय.

पडदा आणि खोली

चित्र घ्यायचं ते संग्रहालयाच्याच संकेतस्थळावरून. तिथे ते मोठं करून पाहता येतं. इतरत्र फिरणाऱ्या प्रतींमध्ये रंग भडक केलेले असतात, कडा कापलेल्या असतात. तपासायची सोपी रीत: प्रतीच्या रुंदीला उंचीने भागा. बायबलच्या चित्राचं उत्तर १.१९ च्या आसपास यायला हवं. १.३ किंवा १.५ आलं तर कुणीतरी कात्री चालवली आहे.

मोबाइलपेक्षा लॅपटॉप बरा. आधी आपोआप कमी-जास्त होणारा उजेड बंद करा, आणि रात्री पडदा पिवळा करणारी सोय असेल तर तीही. पिवळट पडद्यावर बायबलच्या चित्रातले निळसर करडे रंग सरळ गायब होतात आणि सगळं चहासारखं तपकिरी दिसतं. उजेड पूर्ण वाढवण्याचा मोह टाळा. बऱ्याच पडद्यांवर उजेड शंभर टक्के केला की काळा राखाडी होतो. साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवून पाहा. चकचकीत काच असेल तर काळपट चित्रात चित्राऐवजी तुमचाच चेहरा आणि मागची खिडकी दिसेल, तेव्हा खिडकी तुमच्या पाठीमागे नको, बाजूला हवी.

उन्हातून आल्याआल्या पाहू नका. एप्रिलमध्ये साताऱ्याच्या राजवाड्यावरून किंवा सांगलीच्या मार्केट यार्डातून घरी आलात तर डोळे काळोखाला रुळायला वेळ घेतात. खोलीतल्या साध्या मंद उजेडात दहा मिनिटं बसा, मग पडदा उघडा. पहिल्या मिनिटाला जे नुसतं काळं वाटलं होतं त्यात दहाव्या मिनिटाला दोन-तीन वेगवेगळे पट्टे दिसायला लागतात.

चित्राभोवतीची जागा कुठल्या रंगाची आहे, हे तर कुणी बघतच नाही. व्हॅन गॉगने ‘बटाटे खाणारे’बद्दल भावाला, थिओला बजावलं होतं की हे चित्र सोनेरी चौकटीत किंवा पिकल्या गव्हाच्या रंगाच्या भिंतीवर शोभेल, गडद किंवा मंद पार्श्वभूमीवर त्याचं तेज जाईल. संकेतस्थळं मात्र चित्र पांढऱ्याफेक पानावर दाखवतात. पांढऱ्याच्या शेजारी गडद रंग आणखी गडद दिसतो, म्हणून आतले फरक पुसले जातात. उपाय: चित्र उतरवून घ्या, प्रेझेंटेशनच्या रिकाम्या स्लाइडवर ठेवा आणि स्लाइडचा रंग पिकल्या शाळूच्या ताटासारखा करा, मळकट पिवळा. मग तीच स्लाइड पांढरी करून पाहा. बटाट्यांच्या मागचा काळोख पिवळ्यावर खोल जातो, पांढऱ्यावर सपाट पत्रा होतो. इतका फरक दुसऱ्या कुठल्याही युक्तीने पडत नाही.

छापील प्रत हवी असेल तर झेरॉक्सच्या दुकानात ग्लॉसी फोटो पेपर सांगू नका. मॅट कागद मागा. साध्या लेझर प्रिंटमध्ये गडद भागात शाई ‘बसते’ आणि सगळा खालचा भाग एकजीव काळा होतो. अशा प्रतीवरून चित्राबद्दल मत बनवणं अन्यायाचं आहे. आकाराचा अंदाज यावा म्हणून भिंतीवर मास्किंग टेपने ६५.७ × ७८.५ चा चौकोन करा, मध्य जमिनीपासून दीडेक मीटरवर. चित्रकलेच्या वर्गात वापरतात तो फुल इम्पिरियल कागद ५६ × ७६ असतो, म्हणजे बायबलचं चित्र त्याहून थोडं मोठंच. ते उघडं पुस्तक टेबलावरच्या खऱ्या पुस्तकाच्या मापाचं आहे, हे चौकोन पाहिल्यावर कळतं.

काळा किती प्रकारचा असतो

ऑक्टोबर १८८५ च्या सुरुवातीला व्हॅन गॉग अॅमस्टरडॅमला जाऊन आला. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाची, राइक्सम्युझियमची, नवी इमारत त्याच वर्षी जुलैत उघडली होती. तिथे रेम्ब्रांट आणि फ्रान्स हाल्स या सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांच्या चित्रांसमोर तो उभा राहिला आणि परतल्यावर थिओला लिहिलं की हाल्सकडे सत्तावीस प्रकारचे काळे आहेत. बायबलचं चित्र त्यानंतर काही दिवसांतलं. म्हणून ते पाहण्याआधी स्वतः चार-पाच काळे ओळखून घ्यावेत.

घरातल्या वस्तू पुरतात. एक घोंगडी, जुनी छत्री, लोखंडी तव्याची पाठ, काळा कार्डशीट आणि जमल्यास काळी पैठणी किंवा कुठलंही रेशमी काळं कापड. खिडकीजवळ शेजारी शेजारी ठेवा, ट्यूबलाइट बंद. नुसतं पाहिलं तर पाचही काळे. आता वहीच्या किंवा पॅडच्या मागचा करडा पुठ्ठा घ्या, पंचिंग मशीनने एक भोक पाडा आणि पुठ्ठा हातभर अंतरावर धरून एका डोळ्याने त्या भोकातून एकेक वस्तू पाहा. वस्तूचं नाव डोक्यातून गेलं की रंग दिसतो. माणदेशी घोंगडी बहुधा गडद तपकिरी निघते, तिच्या केसाळ पोतामुळे उजेड आत मुरतो आणि ती सगळ्यांत खोल दिसते. छत्रीचं कापड उडून जांभळट किंवा करडं झालेलं असतं. तवा कडेला चमकतो आणि तिथे जवळजवळ निळसर दिसतो. रेशमाचा काळा घडीच्या माथ्यावर चक्क पांढरट होतो. पुठ्ठा पांढरा घेऊ नका, पांढऱ्यामुळे भोकातला प्रत्येक रंग गडद वाटतो आणि प्रयोग फसतो.

रंग हाताशी असतील तर आणखी एक प्रयोग. प्रशियन ब्लू हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र करा: एक भाग निळा, तीन भाग सिएना इथून सुरुवात. प्रशियन ब्लू फार जोरकस असतो, बरोबरीने घेतलात तर सगळं निळं होईल. हळूहळू निळा वाढवत गेलात की एका टप्प्यावर खोल काळा तयार होतो. शेजारी ट्यूबमधला तयार काळा लावा. दोन्हींत थोडा पांढरा मिसळून पाहा: तयार काळ्याचा सरळसोट राखाडी होतो, मिश्रणाचा मात्र निळसर किंवा तपकिरी, जिकडे झुकवाल तिकडे. जलरंगात हे करत असाल तर वाळल्यावर गडदपणा उतरतो, म्हणून दुसरा हात द्या आणि मगच तुलना करा.

बटाट्यांपासून सुरुवात

बायबलकडे थेट जाऊ नका, त्यात पाहण्यासारखं आणि बोलण्यासारखं इतकं आहे की डोळे आळशी होतात. बटाट्यांना गोष्ट नाही, त्यामुळे पाहण्यावाचून गत्यंतर नसतं.

या अभ्यासचित्रांबद्दल त्याचं म्हणणं असं होतं की बटाटे वजनदार, घट्ट गोळे व्हायला हवेत, कुणी फेकून मारले तर लागावेत असे. हीच कसोटी घेऊन बसा. प्रश्न एकच: वजन कशाने आलं?

डोळे किलकिले करा, इतके की टोपलीच्या काड्या दिसेनाशा होतील. आता फक्त तीन छटा मोजा: उजळ, मधली, गडद. कागदावर ८ × ६ सेंटिमीटरची चौकट आखा (मूळ चित्राचं प्रमाण हेच आहे), ६बी पेन्सिल किंवा कोळसा घ्या आणि दहा मिनिटांत या तीन छटांचे ठोकळे भरा. बाह्यरेषा काढायची नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी आधी रेषेत वस्तुचित्र काढून मग आत छाया भरायची सवय लागलेली असते. ती इथे आडवी येते, कारण या चित्रात बटाट्याची रेषा पुष्कळ ठिकाणी नाहीच. सावलीच्या बाजूला बटाटा मागच्या काळोखात मिसळून जातो आणि तरीही तो तिथे आहे हे आपल्याला कळतं. अशा हरवलेल्या कडा शोधा, निदान तीन तरी. मग उजेडाच्या बाजूच्या घट्ट कडा शोधा. एकीकडे घट्ट आणि एकीकडे हरवलेली कड असली की वस्तू कागदावर चिकटवल्यासारखी दिसत नाही, तिला पाठ येते.

नंतर चित्र मोठं करून ब्रशचे फटके पाहा. फटका गोलाईबरोबर वळतो की तिला छेद देतो? बटाट्यावर, टोपलीवर आणि मागच्या काळोखावर फटक्यांची जात वेगळी आहे का? काळोख मुद्दाम उजळवून पाहायचा असेल तर फोटो एडिटरमध्ये एक मिनिट उजळवा, फटके पाहून घ्या आणि परत मूळ चित्रावर या. उजळवलेल्या प्रतीवर रेंगाळलात तर कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे ही सगळी उतरंड बिघडलेली असते आणि तीच डोळ्यांत बसते.

हे पडद्यावर समजत नसेल तर टेबलावर मांडा. बुट्टीत बारा-पंधरा बटाटे, पुसेगावकडचे मिळाले तर उत्तम, पण धुतलेले नकोत. धुतलेल्या बटाट्यावर ओल चमकते आणि प्रत्येकावर पांढरा ठिपका दिसायला लागतो. मातीचा बटाटा उजेड शांतपणे घेतो. खिडकी एकच हवी, उत्तरेची असेल तर दिवसभर चालते, नसेल तर सकाळी लवकर किंवा चारनंतर, म्हणजे थेट ऊन येणार नाही. बुट्टी खिडकीपासून मीटरभर अंतरावर, बाजूने उजेड पडेल अशी. मागे साठ-सत्तर सेंटिमीटर सोडून घोंगडी टांगा. अगदी चिकटून टांगली तर बटाट्यांच्या सावल्या तिच्यावर पडतात आणि खोली जाते. खिडकीच्या समोरची भिंत चुन्याची पांढरी असेल तर ती सावलीच्या बाजूला उजेड परत फेकते आणि बटाटे पुचाट दिसतात. तिच्यावर गडद चादर टाका. जुन्या वाड्यातल्या एका खिडकीच्या खोलीत हे आपोआप जमतं, फ्लॅटमध्ये दोन्हीकडून उजेड येतो म्हणून एक पडदा ओढावाच लागतो. मोबाइलने फोटो काढलात तर तो सगळं उजळवून देईल. बटाट्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढा आणि एचडीआर बंद करा.

आता बायबल

या चित्राबद्दल २८ ऑक्टोबर १८८५ च्या सुमाराच्या पत्रात त्याने थिओला जे सांगितलं ते पाहणाऱ्यासाठी आयती यादी आहे: कातडी बांधणीचं उघडं बायबल, त्याचा मळकट पांढरा, मागे काळा, पुढे पिवळट तपकिरी, आणि त्यात लिंबासारखा पिवळा एक सूर. हे एका दमात, एका दिवसात रंगवलं असंही त्याने लिहिलंय. बापाचं बायबल, विझलेली मेणबत्ती, धर्म आणि आधुनिकता यांच्याबद्दल तिथे अवाक्षर नाही, फक्त रंग. म्हणून आपणही रंगांपासून जावं.

पांढऱ्यापासून सुरू करा. पुठ्ठ्याचं भोक पानांवर वेगवेगळ्या जागी धरा. पांढरा एकदाही हाती लागत नाही: करडे, मातकट, निळसर तुकडे लागतात. शेजारी खरा कोरा कागद धरलात तर बायबलचं पान किती गडद आहे ते पाहून चकित व्हाल. ते उजळ दिसतं ते मागच्या काळ्याच्या जिवावर. काळ्याचं काम हे आहे, तो नुसती रिकामी जागा भरत नाही. आता भोक त्या काळ्यावर फिरवा, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि कुठे तो तपकिरीकडे, कुठे हिरवट किंवा निळ्याकडे झुकतो ते कागदावर टिपा. पडद्यापडद्यात फरक पडेल, पण बदल होतो हे दिसलं की पुरे.

मजकुराकडे मोठं करून पाहा. दोन स्तंभांतला मजकूर वाचता येत नाही, कारण तो मजकूर नाहीच, आखूड फटके आहेत. एका दिवसाचं काम म्हणजे खालचा तैलरंग वाळलेला नाही, ओल्यात ओलं. त्यामुळे वरचा फटका खालच्याला थोडं ओढून नेतो. पानांच्या कडेला हे शोधा. हात चालवायला बसलात तर इथली चौकट १२ × १० सेंटिमीटरची घ्या आणि तीनऐवजी पाच छटा.

लिंबाचा पिवळा म्हणजे खालच्या बाजूला, टेबलाच्या कडेशी पडलेलं छोटं पुस्तक. त्याच्यावर बोट ठेवून झाका. तिथे काय होतं ते शब्दांत सांगायचा प्रयत्न करा. बायबल एकदम जड होऊन बसतं, पुढची तपकिरी जमीन मरते आणि नजर चित्रातून बाहेर पडायला वाट शोधू लागते. बोट काढा. इतका लहान तुकडा इतक्या मोठ्या वस्तूला तोलून धरतो, कारण संपूर्ण चित्रात शुद्ध रंग तिथेच आहे. मग उजवीकडच्या मेणबत्तीवर बोट ठेवून पाहा, ती गेल्यावर वरच्या अर्ध्यात उभं असं काही उरत नाही. ‘चित्रात तोल आहे’ असं वाक्य फेकण्यापेक्षा ही बोटाची चाचणी प्रत्येक वस्तूवर करावी, कुठल्याही स्थिरचित्रात चालते.

एवढं झाल्यावर गोष्ट. वडील पाद्री होते आणि २६ मार्च १८८५ ला अचानक गेले. बायबल त्यांचं. पानाच्या माथ्यावर यशया (बायबलमधल्या संदेष्ट्याचं पुस्तक) आणि अध्याय ५३ वाचता येतो: दुःख सोसणाऱ्या, लोकांनी झिडकारलेल्या सेवकाचा अध्याय. पिवळं पुस्तक म्हणजे फ्रेंच लेखक एमिल झोलाची १८८४ ची कादंबरी, ‘ला ज्वा द व्हीव्र’, जगण्याचा आनंद. तिचे कोपरे हाताळून झिजलेले. मेणबत्ती विझलेली. यावरून बहुतेकजण लगेच निकाल देतात: जुना धर्म विझला, नवं साहित्य जिंकलं. हा निकाल कच्चा आहे. त्या कादंबरीची नायिका स्वतःला इतरांसाठी झिजवणारी आहे, म्हणजे उघड्या अध्यायातला सोसणारा सेवक आणि ती एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. विझलेली मेणबत्ती सतराव्या शतकापासून डच स्थिरचित्रांत मरणाची खूण म्हणून येते आणि वडिलांच्या मृत्यूशी ती जोडणं गैर नाही, पण तो तुमचा-आमचा अर्थ, त्याने लिहिलेला नव्हे. आणि दोन्ही पुस्तकं किती वेगळ्या रीतीने हाताळली आहेत ते पाहिल्याशिवाय अर्थावर वाद घालू नये: मोठ्याचा मजकूर पुसट, धाकट्याचं नाव वाचता येईल असं.

खरा तैलरंग पाहायचा तर

पडद्यावर दोन गोष्टी कधीच येत नाहीत: रंगाची जाडी आणि पृष्ठभागाची चमक. तैलरंगातले गडद भाग वाळताना तेल खाली मुरलं की मटकन बसतात, निस्तेज होतात. व्हॅन गॉग यावर चित्राला अंड्याचा पांढरा बलक फासत असे. पुढे कुणी वॉर्निश चढवतं आणि तेही वर्षांनी पिवळं पडतं. हे ओळखायला अॅमस्टरडॅम गाठायची गरज नाही. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला जा, यमाईच्या डोंगरावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ शिल्प आणि राजा रविवर्म्याची तैलचित्रं तिथे आहेत. ही व्यक्तिचित्रं-पौराणिक चित्रं आहेत, स्थिरचित्रं नव्हेत, पण गडद तैलरंग शिकायला तीच बरी. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा विचारून घ्या.

चित्रासमोर सरळ उभं राहिलात तर गडद भागात खिडकीची चमक येईल. दोन पावलं डावीकडे किंवा उजवीकडे सरका, चमक सरकते आणि तिच्या कडेला ब्रशचे उंचवटे दिसतात. आधी चित्राच्या कर्णाच्या दुप्पट-तिप्पट अंतरावरून तीन छटा मोजा, मग जेवढं जवळ जाऊ देतील तेवढं जवळ. मोबाइलचा टॉर्च मारू नका. चेहरे आणि दागिने शेवटी पाहा. आधी चौकटीलगतचा काळोख पाहा, खालच्या कोपऱ्यांतला. तिथे तो तपकिरी पारदर्शक आहे की जाड अपारदर्शक, चकचकतो की सुकून पांढुरका झालाय, भेगा आडव्या आहेत की जाळीदार, हे वहीत टिपा आणि त्याच नोंदी घेऊन घरी बायबलचा वरचा डावा कोपरा पुन्हा उघडा.